मुद्दाम फाडलेलं

चाळीस जॅकेटं दांडीला ओळीनं टांगलेली होती आणि त्यातल्या एकालाही भोक नव्हतं. ती दारातच थबकली. पर्स अजून खांद्यावर, चष्मा दोरीनं गळ्यात, हातात डबा. आधी तिला वाटलं, आपण भलत्याच दांडीपुढे उभ्या आहोत. पण इस्पितळाचे कपडे निळे आणि शाळेचे खाकी. काळं जाड सुती कापड, आखूड अंग आणि शिलाया बाहेरच्या बाजूनं, असं ह्या कारखान्यात बावीस वर्षांत एकदाच कापलं गेलं होतं, आणि ते तिनंच कापलं होतं. एका मोठ्या दुकानाकडून नमुना आला होता. पोरापोरींसाठी फाटकं जॅकेट. प्रत्येकाला पाच भोकं, जागा ठरलेल्या: डावा खांदा, उजवं कोपर, पाठीवर दोन, खिशाखाली एक. चाळीस करून दाखवायची, पसंत पडली तर पुढे चार हजार. तिनं चष्मा चढवला आणि पहिल्या जॅकेटाच्या खांद्यावरून हात फिरवला. गुळगुळीत. कोपर चाचपलं. तेही गुळगुळीत. खिडकीजवळ रफूमावशी काचेच्या पेल्यातला चहा फुंकत बसल्या होत्या, घरचं कार्य नीट पार पडल्यावर माणूस बसतं तशा. "झालं बघ बाई सगळं," त्या म्हणाल्या. "काय कापड पाठवलं होतं गं तुम्ही यंदा! एकूण एक फाटकं. दोनशे भोकं मोजून बुजवली. पाच दिवस मान वर केली नाही."

आता ह्यात मावशींचं काय चुकलं? फिनिशिंगची रीतच तशी होती. पॅकिंगला जायच्या आधी प्रत्येक कपडा मावशींच्या हाताखालून जायचा. दोरा लोंबत असेल तर कापायचा, बटण हलत असेल तर पक्कं करायचं, आणि भोक दिसलं तर विचारत न बसता बुजवायचं. प्रत्येक भोकाला विचारत बसलं असतं तर कारखाना कधीच बंद पडला असता. एखाद्या लॉटचं काही वेगळं करायचं असेल तर कटिंगकडून बरोबर पिवळं कार्ड यायचं, आणि मावशी ते डोळ्यांशी धरून अक्षर अक्षर वाचायच्या. ह्या लॉटबरोबर कार्ड आलं नव्हतं. कार्ड लिहायचं काम कटिंग मास्टरचं, आणि मास्टरबाई तीच. तिनं सवयीनं खुंटीवरचा एप्रन अंगात चढवला, खडू सापडेना म्हणून एरवी न वापरायच्या दुसऱ्या खिशात हात घातला, तर हाताला दुमडलेलं कार्ड लागलं. वर तिच्याच अक्षरात तीन शब्द होते. 'ही भोकं मुद्दाम'. पुढे काही नाही. कार्ड तिनं पुन्हा खिशात सारलं आणि मावशींना म्हणाली, "चहा प्या तुम्ही सावकाश."

मॅनेजर नऊला आला. पस्तिशीच्या आतला, कडक इस्त्रीचा, जन्मात कधी सुईत दोरा न ओवलेला. उंटावरून शेळ्या हाकायच्या हीच त्याची रीत, पण माणूस तसा वाईट नव्हता. दांडीपुढे तो या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालला. "चार वाजता दुकानाच्या बाई येणार आहेत. काय दाखवू त्यांना? रफूचं प्रदर्शन?" मावशी म्हणाल्या, "अहो पण साहेब, फाटकं होतं ते." "फाटकंच पाहिजे होतं!" "मग शिवलं कशाला?" अडलं की मॅनेजर लोक माणसाला बाजूला घेतात, तसं त्यानं तिला कटिंगच्या टेबलापाशी नेलं. "मास्टरबाई, पुरे झालं आता. डोळे गेलेत त्यांचे. साठी केव्हाच उलटली. ह्या शनिवारी मी त्यांना मोकळं करतो. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, फिनिशिंगची चूक म्हणून. कार्ड तर तुम्ही दिलंच असणार." तिची बोटं खिशात कार्डाच्या घडीवर होती. तोच पुढे म्हणाला, "एक तारखेपासून नमुन्यांची खोली तुमच्याकडे येतेय. त्याच्या तोंडावर हे असलं तुमच्या नावावर नको." नवे कपडे आधी जिथे करून बघायचे, त्या नमुन्यांच्या खोलीला मोठी खिडकी होती, एकटीचं टेबल होतं, आणि ती सहा वर्षं त्या खोलीवर डोळा ठेवून होती. मावशींच्या घरी मात्र कुणी नव्हतं. नवरा गेलेला, मुलगा लांब, महिन्यातून एकदा फोन करणारा. रविवार कसा सरत नाही ते मावशी दर सोमवारी सगळ्यांना सांगायच्या. त्यांना मोकळं करायचं म्हणजे त्यांच्या नशिबी रोजचाच रविवार. "बघते," ती म्हणाली. तो गेल्यावर तिनं टेबलावर कापडाचं ठाण उलगडलं आणि नुसतीच उभी राहिली.

ही भोकं मुद्दाम. दहा दिवसांपूर्वी हे शब्द लिहिताना हात थांबला होता. तेवढ्यात कुणीतरी ठाणाचा पन्हा कमी आलाय म्हणून हाक मारली आणि कार्ड खिशात गेलं, हे खरं. पण हाक यायच्या आधीच हात थांबला होता हे त्याहून खरं. कारण हे वाक्य तिनं पूर्वी एकदा मोठ्यानं म्हटलेलं होतं, आणि लिहिता लिहिता तो आवाज तिच्या कानात आला. एकोणीस वर्षांच्या पोरीचा, चिरका, स्वतःवर भलताच खूश असलेला. तेव्हा ती काळं सोडून दुसरं काही अंगाला लावत नव्हती. चौघं होते. तार, कारण तो उंच, काटकुळा, आणि पडद्याच्या तारेचे तुकडे वळवून कानांत अडकवणारा. दौत, जी ओठांना शाई लावायची आणि पाणी प्यायली की पेल्याला निळी कड ठेवून जायची. घुबड, डोळ्यांभोवती एवढं काजळ की बघणाऱ्याला वाटावं, ह्याला कुणीतरी आलटून पालटून दोन्ही डोळ्यांवर बदडलंय. आणि ती, सुई, कारण चौघांचं शिवणटिपण तिच्या गळ्यात. गल्लीतली माणसं त्यांना काळी चौकडी म्हणायची. केस उभे राहावेत म्हणून अंगाच्या साबणाचा फेस थापायचा. तो वाळला की टाळू ताणली जायची, घाम आला की फेस डोळ्यांत उतरायचा. बंड म्हणजे काय, तर दिवसभर डोळे चुरचुरणं, असं तार म्हणायचा. बूट कामगारांच्या दुकानातले, पुरुषी, दोन नंबर मोठे, पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचे बोळे. कमरेला सायकलची जुनी चेन. आणि ह्या सगळ्यावर तिचा तो कोट. जुन्या बाजारातून आणलेला कुणा पहारेकऱ्याचा, गुडघ्यापर्यंत येणारा. तो तिनं न्हाणीघरातल्या बादलीत काळा रंगवला होता, आणि मग महिनाभर वडिलांच्या टाचा काळ्या निघत होत्या. वडील पाय घासत म्हणायचे, "मला पण घेताय वाटतं तुमच्या टोळीत."

आता चोपन्नाव्या वर्षी, कापडाच्या ठाणापुढे उभं राहून, तिला त्यातलं नेमकं काय हवंसं वाटत होतं? ते केस नकोत. ते बूट तर मुळीच नकोत, पायांची वाट लागली होती. कोटाचं वजन हवं होतं. खांद्यांवर कुणीतरी दोन्ही हात ठेवून उभं असावं तसं ते वजन असायचं. आणि चालताना होणारा आवाज. चेन, पिना, बूट. आपण येतोय हे आपल्याआधी पोचायचं. आताशा तिच्या चालण्याला आवाजच नाही. रबरी तळव्यांच्या चपला, फिका कुडता. दुकानात गेलं तर नोकर तिच्या आरपार बघून मागच्या गिऱ्हाइकाला "काय देऊ?" विचारतो. तेव्हा चौघं रस्त्याच्या सबंध रुंदीनं चालायची आणि समोरून येणारी माणसं कडेला व्हायची. खरं सांगायचं तर चौघांत सगळ्यात भित्री तीच; कुत्रं भुंकलं तरी घुबडाच्या मागे लपायची. पण त्या कोटात तिला कुणी भित्री समजत नव्हतं. लग्नानंतर चारेक वर्षांनी नवऱ्याला जुन्या वहीत एक फोटो सापडला होता. त्यानं बराच वेळ निरखून विचारलं, "ही कोण गं, भूत?" आणि ती म्हणाली होती, "होती एक मैत्रीण." का तसं म्हणाली कोण जाणे. लाज वाटली म्हणून नव्हे. त्याला सांगायला बसलं असतं तर 'का' म्हणून सांगावं लागलं असतं, आणि ते तिलाच धड सांगता आलं नसतं. त्या काळात सगळे विचारायचे ते 'हे काय घातलंय?' असंच. ते विचारणं नव्हतं. 'का' असं कुणी विचारलंच नाही, वडिलांनीही नाही.

वडील घरीच पुस्तकं बांधायचे. ग्रंथालयांची जुनी पुस्तकं, कचेऱ्यांची दप्तरं, गठ्ठेच्या गठ्ठे यायचे. घरभर खळीचा आंबूस वास, आणि वडिलांच्या मांडीवर सदानकदा एक उघडं पुस्तक, पण वाचायला नव्हे, शिवायला. ती आठ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून घरात दोघंच. दोघंच असली की बोलणं कमी लागतं. भूक लागली का, लागली. झोपतेस का, झोपते. वडिलांना फाटलेलं काही बघवायचं नाही. पिशवी असो, चादर असो, शेजारच्या पोराची छत्री असो, त्यांचा हात आपोआप दाभणाकडे जायचा. "फाटलं की लगेच हात फिरवावा," म्हणायचे, "उद्यावर टाकलं की भोक आपल्याला न विचारता वाढतं." आणि असल्या माणसाच्या घरात तिनं तो कोट खुंटीला टांगला. नऊ भोकांचा. तीन कसरीनं खाल्लेली, उरलेली सहा तिनं स्वतः, आरशासमोर उभं राहून, कुठे छान दिसतील ते बघून पाडलेली. कॉलेजात कोट घालायला बंदी होती, तेव्हा सकाळी सात ते बारा तो घरीच असायचा. एकदा ती दुपारी आली, बरोबर तिघं, आणि बघते तर काय, नऊच्या नऊ भोकं बंद. पुस्तकाची पानं आवळावीत तसं मेणाच्या काळ्या दोऱ्यानं आवळून टाकलेली, प्रत्येक जागी एक जाडजूड सुरकुती. तार फिसकन हसला. तेवढं पुरलं. "बाबा, ही भोकं मुद्दाम आहेत! मुद्दाम! कळतं का काही?" ती ओरडली आणि तिथंच, वडिलांच्या डोळ्यांसमोर, एकेका भोकात बोटं घालून तिनं ती पुन्हा फाडली. मेणाचा दोरा चांगला असतो. सहजी तुटत नाही, कापड घेऊन तुटतो. नऊ वेळा तो आवाज झाला. वडील मांडीवरचं पुस्तक तसंच धरून बसले होते. शेवटी म्हणाले, "मला वाटलं, तुला वेळ होत नसेल." त्यावर तिघं पुन्हा हसली, आणि तीही हसली. ते हसू तिच्या लक्षात राहिलं होतं, घरात एखादा नळ टिपकत राहावा तसं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल दोघांत कधी शब्द निघाला नाही.

तिनं ठाण गुंडाळलं आणि मॅनेजरच्या खोलीत गेली. विचार करून गेली असं नाही. विचार केला असता तर नमुन्यांच्या खोलीची खिडकी आडवी आली असती. कार्ड तिनं टेबलावर ठेवलं. त्यानं ते उलटसुलट केलं. "ही भोकं मुद्दाम... पुढे?" "पुढे लिहिलंच नाही. दिलंही नाही. मावशींनी त्यांचं काम केलं. चूक माझी आहे." "पण असं कसं राहिलं? तुमच्याकडून?" ह्याचं खरं उत्तर द्यायचं तर साबणाच्या फेसापासून सुरुवात करावी लागली असती. "राहिलं," ती म्हणाली. "आता चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका, एवढंच सांगायला आले." तो खुर्चीत मागे रेलला. रागावला नाही, त्यापेक्षा वाईट म्हणजे निराश झाला. "खोलीचं मला परत बघावं लागेल, मास्टरबाई." "बघा." "आणि मावशींचं म्हणाल, तर चारपर्यंत चाळीसची चाळीस फाटकी दिसली तर मी वर काही बोलणार नाही. नाही दिसली तर कार्ड कुणाचं हे वरचे लोक विचारायचे नाहीत. ते वय विचारतील." फिनिशिंगच्या बाकीच्या बाया इस्पितळाच्या लॉटवर अडकल्या होत्या. म्हणजे माणसं दोन, भोकं दोनशे, आणि तास साडेसहा.

आणि पहिल्याच जॅकेटाला घोडं अडलं. भोक सापडेना! मावशींचं रफूकाम असं, की जिथे भोक होतं तिथेच बोट ठेवून विचारलं तरी माणूस कुठंय म्हणेल. उजेडाला धरून बघितलं, उलटं करून बघितलं. "डोळे गेलेत म्हणे माझे," मावशी पुटपुटल्या, कारण कटिंगचं टेबल काही फार लांब नव्हतं. शेवटी तिनं टेबलाखालून कागदी पॅटर्न काढला, ज्यावर पाच भोकं तिनंच आखून कापली होती. तो जॅकेटावर अंथरायचा, कागदाच्या भोकातून खडूनं खूण करायची, आणि खुणेवर टाके शोधायचे. दोनशे भोकं बुजवल्यावर ती कुठे होती ते हुडकायला नकाशा लागावा! दोघी खो खो हसल्या. मग कामाला लागल्या. टाका नखानं उचलायचा, कापायचा, धागा ओढायचा, पण असा की कापडाचा धागा बरोबर येऊ नये. पहिल्या तासात एकोणीस झाली. दुसऱ्या तासात हात बसला, एकतीस. मावशी बोटांनीच बघत होत्या, डोळे खिडकीबाहेर. आपणच केलेलं आपणच उसवायचं म्हणजे जिवावर येतं, पण त्यांची बोटं थांबली नाहीत. जेवायला दोघी उठल्या नाहीत. डबा मध्ये उघडा ठेवला आणि एकेक घास घेत राहिल्या. दीडच्या सुमाराला मावशींनी विचारलं, "पण खरं सांग बाई, पोरं मुद्दाम का गं फाडतात? चांगलं कापड. मी रागानं नाही विचारत. मला कळत नाही म्हणून विचारते."

तिचा हात थांबला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'का' विचारलं होतं, तेही बोटं टाक्यात गुंतलेली असताना, तिच्याकडे न बघता. त्यामुळेच बहुतेक तिला बोलता आलं. "मीपण फाडायचे," ती म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं. साबण, बूट, तार, दौत, घुबड. मावशी मध्येच "अगं बाई!" म्हणायच्या आणि पुढचा टाका उचलायच्या. "आई नव्हती ना आमच्याकडे," ती म्हणाली. "घरात सगळं नीट शिवलेलं, चिकटवलेलं, जागच्या जागी. बाबा कधी रडले नाहीत, मला रडू दिलं नाही असं नाही, पण मी रडायला लागले की ते काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचे. मला वाटायचं, आपल्यात एवढं मोठं काहीतरी फाटलंय आणि हे कुणी बघतच कसं नाही? मग ते अंगावर घातलं. बघा म्हटलं. आणि तसं अंगावर घालणारी अजून तिघं भेटली. फार बरं वाटायचं, मावशी. आयुष्यात नंतर कधी तेवढं बरं वाटलं नाही." असं म्हणाल्यावर तिला स्वतःलाच नवल वाटलं. मग वडिलांचं सांगितलं, नऊ आवाजांचं. तेही, की पुढे थंडी पडल्यावर वडिलांनी परत एकदा कोटाला हात लावला होता. "मला चार-आठ दिवसांनी कळलं. आतून हात घातला तर बोटांना टाके लागले. इवले इवले. आणि भोकांच्या मागे काळं कापड. पण बुजवलं कुठे होतं? पुढून भोकं तशीच. घुबडाला मी म्हटलं, म्हातारा आता थकला बघ, रफूसुद्धा धड जमत नाही. फाडायच्या लायकीचंही वाटलं नाही, म्हणून राहू दिलं. पुढे तार परदेशी गेला तेव्हा आठवण म्हणून तो कोट घेऊन गेला."

"थांब," मावशी म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी काम खाली ठेवलं. "मागून कापड होतं म्हणतेस. केवढं? भोकाएवढंच का मोठं?" "मोठं. बोटभर मोठं चहूबाजूंनी." "आणि पुढून टाका दिसत होता?" "नाही." "कडेच्या दशा?" "लोंबत होत्या. तेच तर सांगतेय, बुजवलंच नव्हतं." "किती दिवस घातलास पुढे तो कोट?" "दोन वर्षं. रोज." "मग भोकं केवढी झाली?" कापडाच्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी सांगायला हवं होतं का? जाड सुती कापडाचं उघडं भोक दोन वर्षांत हाताच्या पंजाएवढं होतं. कोटाची भोकं तारनं तो नेला त्या दिवशी जेवढ्यास तेवढी होती. "वाढली नाहीत," ती म्हणाली. मावशींनी सुई अंबाड्यात खोचली. "मग तो रफू नव्हता गं. बुजवायचं असतं तर त्याला काय, पहिल्या खेपेला बुजवलंच होतं की. त्यानं तुझी भोकं जपली. कडेनं टाका घातला तो कापडाच्या अर्ध्या जाडीतून, म्हणजे पुढून दिसायला नको. दशा मोकळ्या ठेवल्या. आणि मागून कापड लावलं ते वारं लागू नये म्हणून. थंडीच होती ना? मी जन्मभर भोकं बुजवत आले. बुजवणं काय, शिकवलं तर कुणालाही येतं. भोक आहे तसं ठेवायचं आणि वाढू द्यायचं नाही, हे मी फार तर दोनदा केलं असेल. रडकुंडीला येतो माणूस." तिला रडू आलं. चाळीस जॅकेटांच्या ढिगाऱ्यात बसून, भर दुपारी, नाकातून पाणी येईपर्यंत ती रडली. मावशींनी पदर पुढे केला नाही की पाठीवर हात फिरवला नाही. तिच्या वाटणीची भोकं आपल्याकडे ओढून घेतली आणि उसवत राहिल्या.

दुकानाच्या बाई पावणेपाचला आल्या, म्हणून वाचलं. तीस वर्षांची पोरगी, केस एका बाजूनं भादरलेले. तिनं सहा जॅकेटं उलटीसुलटी केली, खिशाखालच्या भोकातून करंगळी घालून बघितली. "कडा छान विस्कटल्यात," म्हणाली. "नवीन फाडल्यासारख्या वाटत नाहीत. हे कसं केलंत?" मॅनेजरनं दोघींकडे बघितलं आणि म्हणाला, "आमच्याकडे अनुभवी माणसं आहेत." एवढं बोलून त्यालाच कसंसं झालं असावं, कारण तिला पोचवून आल्यावर तो दारात घुटमळला. "मावशी, सोमवारपासून मोठा लॉट लागेल. काही शिवायच्या आधी विचारत जा." "विचारीन की," मावशी म्हणाल्या, "फाटकं हवंय का धड, असं रोज विचारीन." नमुन्यांच्या खोलीचं तो काही बोलला नाही आणि तिनंही विचारलं नाही.

बाकीच्या बाया घरी गेल्यावर तिनं कापून उरलेल्या काळ्या कापडाचा हातभर तुकडा घेतला, त्याला कात्रीनं एक भोक पाडलं, बोटांनी ओढून दशा काढल्या आणि म्हणाली, "दाखवा मला." मावशींनी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि स्टूल ओढून बसल्या. मागून पातळ कापड धरायचं. सुई खालून घालायची ती अर्ध्यावर थांबवायची, कापडाच्या पोटातच आडवी फिरवायची, परत खाली काढायची. एक दशा चुकून टाक्यात आली की उसवायचं आणि पुन्हा. दोन वेळा सुई वर आली, बोटाला टोचली. "हळू," मावशी म्हणत होत्या, "घाई केलीस की वर दिसतो." भोक अर्ध्या करंगळीएवढं होतं. ते पुरं झालं तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता आणि मोजून चाळीस मिनिटं गेली होती, तिच्यासारख्या हात बसलेल्या बाईची. भोकं नऊ. म्हणजे तिला सहा तास; पुस्तकं शिवणाऱ्या, दाभण धरून जाड झालेल्या बोटांना त्याहून कितीतरी जास्त. आणि कोट रोज बाराच्या आत खुंटीवर परत. म्हणजे सकाळी एखादं, फार तर दोन; पाच-सहा सकाळी, ती कॉलेजात गेल्यावर, हातातली पुस्तकं बाजूला सारून. मग तिला ती सकाळ आठवली. त्या थंडीतलीच. कॉलेजला सुट्टी होती, ती कोट घालून बाहेर निघाली होती, चेन वाजवत, आणि कचेरीचा एक माणूस दारात उभा राहून वडिलांना बोलत होता. दप्तरं वेळेवर झाली नव्हती. वडिलांच्या हातून असं कधी झालेलं नव्हतं. माणूस चांगला तासून काढत होता, वडील मान खाली घालून हो हो म्हणत होते, आणि ती त्यांच्या मधूनच, जरा वाट द्या म्हणत, पायऱ्या उतरली होती. तेव्हा वडिलांनी मान वर करून जरा तिरपी केली आणि एक डोळा बारीक करून तिच्या डाव्या खांद्याकडे, मग पाठीकडे, ती वळेपर्यंत बघत राहिले. आजवर तिला वाटत आलं होतं, तो कोट त्यांना बघवत नव्हता. तिनं भोकाचा तुकडा उजेडाला धरला, एक डोळा बारीक करून, मान जरा तिरपी करून. आणि आपण अगदी तसंच बघतोय हे तिच्या ध्यानात आलं. टाका धरलाय का, ते बघत होते.